टोकापासून वीतभर

टोलेडोच्या नदीचं नाव मॉमी.
तीन वर्षं झाली, अजून हसू येतं.
तिच्या काठी, टायरच्या दुकानावर,
अठरा लाकडी पायऱ्या चढून गेलं की
सहा टेबलं, एक बिघडलेला हीटर
आणि लेस्टर प्रूइट.

मंगळवारी मला लॅबची पाळी नसते.
लेस्टर मला व्हाय-जे म्हणतो.
वैजयंती म्हणून पाहिलं त्याने, एकदाच,
मग म्हणाला, एवढ्या लांब नावाने नेम चुकतो.

पहिल्या दिवशी डावा हात हिरव्या कापडावर ठेवला,
अंगठा तर्जनीला टेकवून वर,
त्या खाचेत काठी.
याला ब्रिज म्हणायचं, म्हणाला.
म्हणजे खेळही पूल, हातही पूल,
आणि खिडकीतून दिसतो तो,
जहाज आलं की मधून उघडणारा,
तोही पूलच.
कुणाला सांगणार?
विनोद अलीकडच्या काठावरच राहिला.

मी कॅरमवाली. कराडच्या बँक कॉलनीत दोनदा कप.
तिथे बोट स्ट्रायकरला लागूनच असतं,
टिचकी मारली की झालं, मग निस्तरा.
इथे मधे जागा.
खाचेपासून पांढऱ्या चेंडूपर्यंत
काठीचा जो तुकडा उघडा पडतो
त्यातच सगळं घडतं किंवा बिघडतं.

मला जोर हवा होता.
पूल मागे नेला, हातभर काठी पुढे निघाली,
गोठ्याबाहेर मान काढलेल्या वासरासारखं
टोक हवेत काहीतरी हुंगत राहिलं.
मारलं. चेंडू उडून थेट हीटरखाली.
लेस्टरने गुडघे कडकडवत तो काढून आणला.

मागे तुझा हात गव्हाएवढा चुकतो, म्हणाला.
पूल जवळ असला तर टोकाशी तो तीळ होतो,
लांब असला तर वाटाणा.
(असं नाही म्हणाला. तो इंचाच्या सोळाव्या भागांत बोलतो.
धान्य माझं.)

मग चार बोटांवर आले.
चूक गेली, तिच्यामागोमाग जोरही गेला.
काठीला मागे जायलाच वाव नाही,
उंबरठ्यावर उभं राहून झिम्मा घालावा तसं.

शेवटी वीतभर ठरलं.
कुणाची वीत, मी विचारलं.
त्याने आपला पंजा टेबलावर पसरला:
काचेच्या कारखान्यात तेहतीस वर्षं,
करंगळीचं वरचं पेर तिथेच राहिलेलं.
त्याची वीतच आखूड.
"तरुण होतो तेव्हा चौदा इंच. पोरी बघायच्या.
आता सात. चेंडू काही विचारत नाही."

नोव्हेंबरात लीगचा शेवटचा सामना.
समोर पेरिसबर्गची डोरीन, बेकरीतून आलेली, बाहीवर पीठ.
माझा फक्त काळा उरलेला.
वीतभरावर पूल ठेवला,
श्वास घेतला,
आणि का कोण जाणे, दोन बोटं पुढे सरकवला.
लेस्टरने पाहिलं. खडूकडे बघत राहिला.

काळा सरळ गेला. अगदी सरळ.
पॉकेटच्या तोंडाशी थांबला,
तांदळाएवढा कमी.

घरी जाताना पूल उघडा होता.
गाडी बंद करून बसले.
स्टिअरिंगवर बोटं पसरून पाहिली:
एक वीत, आणि वर ती दोन बोटं.
खालून जहाज जात होतं, हळू, अंधारात, धान्याचं.
गहू असावा.