दुधाचे दात

कीथलीत माझा दवाखाना आहे, लोकरीच्या जुन्या गिरणीच्या तळमजल्यावर.
वर फ्लॅट झालेत. भिंतींना अजून तेलाचा वास येतो,
दमट हवेत जास्त. म्हणजे बहुतेक रोजच.

दुरुस्तीत फळीमागे एक वही सापडली.
सर्जन जेबेझ हॉलरॉइड, सन अठराशे सदतीस.
एका पोराला एक ओळ: नाव, उंची, दात, शेरा.

एनॉस सटक्लिफ. एक सुळा हलतो. नऊ पूर्ण. योग्य.
झिला सटक्लिफ. चार फूट. मागची दाढ आलेली नाही.
आई म्हणते तेरा.
तेरा पूर्ण. योग्य.

पार्लमेंटनं ठरवलं होतं, नऊच्या आत नाही,
तेराच्या आत दिवसाला नऊच तास.
पण नऊ म्हणजे कोण आणि तेरा म्हणजे कोण,
हे कुणाच्या कपाळावर लिहिलेलं नव्हतं.
मग तोंड उघडायला लावलं,
बाजारात घोड्याचं बघतात तसं.

हा कायदा आला कुठून, असं म्युझियममधल्या बाईंना विचारलं.
त्यांनी बोटांवर मोजलं:
चर्चमधली प्रवचनं. सह्यांचे गठ्ठे.
पावसात मैलोगणती चालत गेलेली माणसं.
गिरणीवाल्यांवर खार खाऊन असलेले जमीनदार.
आणि एखादा बडा गिरणीमालकसुद्धा,
ज्याला ओढ्याकाठच्या छोट्या गिरणीची रात्रपाळी खुपत होती.

दया एकटी आली असती तर उंबऱ्यावरच ताटकळली असती.
सोबत हेवा होता, म्हणून दार उघडलं.

झिलाच्या आईचं नाव वहीत नाही. तिचं खोटं तेवढं आहे.
दात कोरून पोट भरत नाही
हे तिला तिच्या बोलीत कुणी शिकवलं असेल की नाही, कोण जाणे.
तीन तास जास्त म्हणजे किती पेनी,
हे मात्र पाठ असणार.

नोव्हेंबरात झिला पुन्हा येते.
दातांच्या रकान्यात लिहिलंय: उजवा हात, पट्ट्यात.
शेरा कोरा.
त्यापुढे ओळीनं अकरा पोरं. अयोग्य. अयोग्य. अयोग्य.
बाराव्या ओळीपासून अक्षर बदलतं.
नवं अक्षर फार सुबक आहे, आणि सगळी पोरं पुन्हा योग्य.

सात वर्षांनी कायदा बदलला,
सर्जन नेमायचा अधिकार इन्स्पेक्टरकडे गेला.
या वहीमुळे नाही. ही वही तर फळीमागेच होती.

मला ही ओळ ओळखीची वाटते.
इचलकरंजीत वडील दुसऱ्याचे माग चालवायचे,
मी कांड्या भरायचे. नऊची असेन.
इन्स्पेक्टरची जीप आली की आम्हा पोरांना मागच्या दारानं
चिंचेखाली पाठवायचे. जीप गेली की शिट्टी.
बोटीतून तो कायदा तिथवर पोचला होता,
आणि त्याचं मागचं दारही.

गेल्या मंगळवारी एक मुलगा आला. बायपासवर गाड्या धुतो.
बोटांची सालं निघालेली.
मी काही विचारायच्या आत म्हणाला, अठरा.
सोबतचा माणूस बाहेर बसला, पैसे रोख देणार होता.
एक्स-रे काढला.
अक्कलदाढ हिरडीच्या आत, खोल. मुळं धरायला नुकती लागलेली.
दात तारीख सांगत नाहीत, हे मी परीक्षेत लिहून पास झालेय.
पण अठरा ते हे नव्हेत.

दुखतंय कुठे, विचारलं. त्यानं डावीकडे बोट दाखवलं.
रोज किती तास, विचारलं.
त्यानं दाराकडे पाहिलं.

स्क्रीनवर एक रकाना असतो, शेऱ्याचा.
मी हातमोजे काढले. पुन्हा घातले.
तो अजून आ वासून पडला होता.
बंद कर म्हणायचं मी विसरले होते.