बादल्यांवरची नावं

मे महिन्यात पोरं जातात, बादल्या राहतात.
परीक्षा झाली की रात्रीच्या गाडीनं,
गादी गुंडाळून, पुस्तकं रद्दीत घालून.
बादली कोण नेतंय मुखेडला, हिंगोलीला?
प्रत्येकीवर काळ्या मार्करनं नाव.
न्हाणीपुढं भांडणं नकोत म्हणून
पहिल्या दिवशी मीच लिहायला लावते.

भंगारवाला किलोला बारा म्हणाला.
मी म्हटलं, जा बाबा पुढच्या गल्लीत.
सांडशीत खिळा धरला, गॅसवर लाल केला,
बुडाला पाच-पाच भोकं.
घरभर जळक्या प्लास्टिकचा वास,
हे खोकत बाहेर आले, "काय करलालीस गं?"
"शेती."
ह्यांनी एकदा जिन्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

तळाला करवंटी, त्यावर
रसवंतीवाल्या नवनाथचं फुकटचं चिपाड,
मग समोरच्या प्लॉटचा पाया खणला तेव्हाची काळी माती.
नुसती घातली तर उन्हानं तडकते,
भेगेत करंगळी जाते. चिपाडानं जरा वळणावर येते.
बी विकत नाही आणलं.
धने डब्यातले, लाटण्यानं रगडले.
पिचका टमाटा होता शनिवारच्या बाजारातला,
अख्खा पुरला
आणि विसरून गेले.

पाणी.
लातुरात पाण्याचं बोलताना माणूस आवाज उतरवतो.
रेल्वेनं पाणी आलं त्या साली मी ताटं राखेनं पुसली,
अजून ग्लासात उरलेला घोट ओतताना
हात अडतो.
पण चाळीस पोरांचा डाळ-तांदूळ धुते मी रोज,
मेसवालीची एवढी तरी श्रीमंती!
ते धुवण गच्चीवर.
आणि गावाला जायचं झालं तर
जुन्या पायजम्याची नाडी, एक टोक बाटलीत, एक मातीत,
चार दिवस पाजत बसते बिचारी.

तर गच्चीवर सध्या असं आहे:
हणमंत शेळगेला वांगी लागलीत.
मुबश्शिर, रूम दोन, पुदिना. कुणाचं ऐकत नाही,
शेजारच्या बादलीत पाय पसरतो.
सुगत वाघमारेवर मावा पडलाय, राख मारली.
परमेश्वर दहिफळे, रूम सात, दोडका.
तीन महिने झाले, फूल नाही.
मी काही बोलत नाही त्याला.
फाटक्या ओढणीच्या सावलीला सरकवलाय.

दसऱ्याच्या आधी दहिफळेच आला.
डिपॉझिट राहिलं होतं, सहाशे.
दोनदा परीक्षा, दोनदा थोडक्यात;
आता गंगाखेडला मामाच्या कृषी केंद्रात
औषधाच्या बाटल्या मोजतो.
वर आला तर समोर त्याचंच नाव.
अंगठ्यानं घासलं. मार्कर निघत नाही.
मी चहाचं निमित्त करून खाली वळले तेवढ्यात
तो उकिडवा बसला, बादली कलती केली.
"काकू, हिला काही झालं नाही.
मुळ्या बघा, भोकातून बाहेर येऊन
स्लॅबवर पसरल्यात. बादली लहान पडलालीय."

सरकी पेंडीचं पोतं निघालं माळ्यावर.
दोघांनी मिळून वेल हलवली,
तो माती दाबताना अभ्यासाला बसायचा तसाच,
जीभ दातांत धरून.
जाताना बादली धुतली, काखेत मारली.
"अरे, पाच भोकं आहेत, पाणी नाही राहायचं तिच्यात."
"दुकानापुढं ठेवतो. गिऱ्हाईकाला दाखवायला."
सहाशे रुपये जिन्याच्या कठड्यावर तसेच,
मला मागं पळावं लागलं रिक्षा स्टँडपर्यंत.

आता पोत्यावर नाव नाही.
पन्नास किलो, आणि एक छापील बैल.
वेल टाकीच्या पाइपावर चढलीय.
परवा पहिला दोडका निघाला, वाकडा,
वीतभर.
चाळिसांत काय वाटणार तो?
शिरा काढून ठेवल्यात, तिळ भाजलेत.
चटणी होईल.