पिवळा कापूस

म्हणायचं पिवळा. असतो तपकिरी.
आमच्या फ्रेंचमध्ये त्याला पिवळाच म्हणतात,
का, ते एझिल्दा मावशीलाही ठाऊक नाही.
"तुझ्या नवऱ्याला नाही का सगळे शहाणा म्हणत?"
एवढंच म्हणाली, सरकी काढता काढता.

ओसरीवर पंखा नको, तंतू उडतात.
लुइझियानातला ऑगस्ट. बायूचं पाणी हलत नाही,
पलीकडे ऊस, डोक्याच्याही वर,
आणि आम्ही दोघी घामेजून
एकेक बी नखानं सोडवतोय.
ही सरकी सहजासहजी सुटत नाही,
भाडं थकवून बसलेलं बिऱ्हाड जसं.

तंतू आखूड, नखाएवढा.
पीळ कमी पडला की सूत हातात विरतं,
जास्त झाला की स्वतःवरच उलटतं,
डुकराच्या शेपटीसारखं.
पहिला महिना मी नुसते तुकडे कातले.
मावशीनं ते टाकू दिले नाहीत.
उशीत भरले.

लाफायेतला सुया आणायला गेले
तेव्हा दुकानातली बाई म्हणाली होती,
कापसाचे मोजे कुणी करतं का?
लोकर ताणली तरी माघारी येते,
कापूस एकदा सैलावला की सैलावला.
पण क्लेओफासला लोकर सोसत नाही.
साखर कारखाना, रात्रपाळी, बॉयलरशेजारी रबरी बूट,
पहाटे त्यातून पाय निघतात
उकडून साल सुटलेल्या रताळ्यासारखे.
डॉक्टरनं मलम दिलं.
मी अठ्ठेचाळीस टाके घातले.

चार सुयांवर बारा बारा,
पाचवी फिरती.
दोन सुलट, दोन उलट, घोट्यापर्यंत बिनबोभाट.
टाचेपाशी अडले.
तिथं गोल गोल जाऊन भागत नाही,
निम्म्याच टाक्यांवर जायचं, वळायचं,
दर खेपेला एक टाका आधी थांबायचं.
"निघतो निघतो म्हणत पुन्हा बसणारा पाहुणा असतो ना,"
मावशी म्हणाली, "तसं वीण."
तीनदा उसवली.
चौथ्यांदा सुतातून एक वाटी उभी राहिली
अचानक.
मी तिच्यात मूठ घालून बघितली.
मावशीनं कौतुक केलं नाही:
"दुसऱ्यालाही हेच करायचंय."

पहिला झाला तेव्हा गाळप सुरू झालेलं.
क्लेओफासला कुठला धीर,
डाव्या पायात माझा, उजव्यात नायलॉनचा,
असाच गेला कामावर, पाच आठवडे.
रोज सकाळी मी तो एकटा मोजा उकळत होते.
हा कापूस धुऊन विटत नाही, गडद होतो,
आधी ओली वाळू, मग चहा,
मग थेट काकवी.
दुसरा सुयांवरून उतरला तोवर
दोघे एका घरचे वाटेनात.

"याला त्याच्याइतका व्हायला किती दिवस लागतील?"
त्यानं विचारलं.
मावशी चष्म्यावरून बघत राहिली.
"आणि तोवर तो थांबणारेय का?"

आज पहाटे दाराशी त्यानं बूट काढले.
दोन्ही मोजे घसरून पावलाखाली गोळा झालेले.
दुकानातली बाई खोटं बोलली नव्हती.
मी गप्प, तोही गप्प.
दिवा खाली धरून मी डावी टाच बघितली,
बोट फिरवलं.
कोरडी.

उजवी त्यानं मागे ओढून घेतली.
"हिचा आज पहिलाच दिवस," म्हणाला,
आणि तसाच, मोज्यांवर, चुलीकडे गेला
कॉफी ठेवायला.