काजव्याचा डावा पाय

पहिल्या दिवसाचा शेवटचा शो सुटला तेव्हा पावणेबारा,
आणि मे असल्यामुळे रस्ता अजून तव्यासारखा.
आम्ही सहा जण मॉलच्या पायऱ्यांवर,
सगळे चाळिशीपार,
सुगतच्या टी-शर्टवर काजवा,
पोटावर ताणून जरा रुंद झालेला.

"सत्यानाश केला ना बे," सुगत म्हणाला,
आणि मग सगळेच सुटले.
झगा पिवळा होता, हळदीचा, काळा काहून केला?
त्याची माय कुठं गेली? अख्ख्या पिक्चरमध्ये माय नाही!
अन् उडते कायले? काजवा कधी उडत होता?
भिंतीभिंतीनं जायचा तो, पाय ओढत,
अंधारात फक्त छाती उजळायची.
पाय! पाह्य ना, पायच नीट करून टाकला,
दोन्ही पायांनी पळते, घोड्यासारखा.

परवेझ बँकेत कर्जाच्या फायली तपासतो,
आवाज चढवत नाही सहसा.
त्यानं हेल्मेट पायरीवर आपटलं:
"त्या डायरेक्टरनं अंक एकतीस वाचला असता
तर असा शेवट केला नसता."

अंक एकतीस.
टिमकीत आमच्या ओट्यावर
सुतळीला चिमट्यांनी अडकवलेले अंक,
ओट्यावर बसून वाचायचा तर चार आणे, घरी न्यायचा तर आठ.
आतून बाबांच्या मागाची खटखट,
बाबा पाट्यावर लिहायचे "निनावे वाचनालय",
आणि खाली, बारीक, "पान दुमडू नये".

एकतीसचं शेवटचं पान नव्हतंच.
हे पायऱ्यांवरच्या प्रत्येकाला माहीत आहे.
गल्लीत ज्यानं त्यानं आपापला शेवट केला,
सुगतच्यात स्फोट, परवेझच्यात माय परत येते,
आणि आता पस्तीस वर्षांनी
न वाचलेल्या पानाशी बेइमानी झाली म्हणून
रात्री बारा वाजता एवढा संताप.

मी गप्प होते.
हेमराजही गप्प होता,
एक पायरी खाली बसून, डावा पाय लांब करून
कॅलिपरचा पट्टा सैल करत.
सगळे त्याच्याच वतीनं भांडत होते खरं तर,
त्याच्याकडे न बघता.

पान मी फाडलं होतं. नऊ वर्षांची होते.
हेमराजनं एकतीससाठी आठ दिवस आधी पैसे देऊन ठेवलेले,
अंक दुपारी आला, मी आधी वाचला.
शेवटच्या पानावर काजवा टेबलावरून उठतो,
डावा पाय सरळ,
लोखंडी पट्टी खिडकीतून फेकून देतो
आणि सगळं शहर टाळ्या वाजवतं.
पानाची घडी करून मी मागाच्या खड्ड्यात टाकली, पावड्यांखाली.
का, ते आजही नीट सांगता येत नाही.
एवढंच आठवतं की टाळ्यांचा राग आला होता.

"तू बोल ना बे हेमराज," सुगत म्हणाला.
हेमराजनं पट्टा आवळला.
"मले त आवडला," म्हणाला.
"पुलावरून पळते तेव्हा
मी इकडं खुर्चीत पाय दाबून धरला होता.
मुंग्या आल्या अजून."

कुणी काही बोललं नाही.
सुगत उगाच टी-शर्ट खाली ओढू लागला.
वॉचमननं शटर अर्धं पाडलं.

मग हेमराज माझ्याकडे वळला:
"तुमच्या घरी असंल ना गं तो एकतीस?
शेवटचं पान सापडलं असंल कुठं तरी."
"उधईनं खाल्ला," मी म्हटलं.
"हाव. उधई लई त्या घरात," तो म्हणाला,
आणि कठड्याला धरून, एकेक पायरी,
आपल्या तीनचाकी स्कूटीपर्यंत गेला.
किल्ली लावून थांबला.

"उद्या दहाचा शो स्वस्त आहे. येतेस?"