सांगता येत नाही

एका फॉर्मचे बावीस रुपये.
दुपारी गोठिवली गाव,
चारनंतर घणसोली, सेक्टर सात.
टॅबवर तीन चिन्हं, खाली चौथा चौकोन:
'सांगता येत नाही.'
पाचवा नव्हता.

दमयंती मढवी ओट्यावर जवळा निवडत होत्या.
आधी त्यांनीच विचारलं, जेवलीस का गो?
मग, किती घरा झाली?
अकरा, मी म्हटलं.
'सगली त्याचाच नाव सांगतान ना? माझाबी लिव.'
आणि सूप खाली न ठेवताच
हनुवटीने दाखवली भिंतीवरची रेघ,
गटाराचं पाणी जिथवर चढलं होतं, गुडघ्याएवढी.
तिच्यासाठी रकाना नव्हता.
मी चिन्हावर बोट ठेवलं, पुढच्या घरी गेले.

सोसायटीत वॉचमनने वर सोडलं नाही.
पत्रपेट्यांवरची नावं वाचत
जिन्याखाली बसून सहा फॉर्म भरले.
एकशे बत्तीस रुपये.
पिल्लेंना बदल हवा होता.
बिष्टांना मी राग दिला,
रबाळ्यापासून चालताना मला आलेला,
तोच, थोडा कमी करून.

आमचा आकडा आठवडाभर चॅनेलवर फिरला,
अधिक-उणे तीन टक्के.
निकालाला तो पडला, चारशे बारा मतांनी.
वरीलपैकी कोणी नाही: एकोणीसशे सात.

'तुझा सेक्टर सात एकदम क्लीन,' सुपरवायझर म्हणाला,
'गावाने घात केला.'
माझी सहा माणसं बरोबर निघाली
जी मी कधी पाहिलीच नव्हती.

मग जवळा घ्यायचं निमित्त करून गेले.
'शेवटचा दाबला,' त्या म्हणाल्या,
'पार खालचा. वाकावा लागला मना.
वाजला मात्र तो बी तेवराच.'
मला का नाही सांगितलंत?
'तू उन्हाची आलेलीस.
तुला नाय कसा म्हनू?'

मी आकडा सांगितला. एकोणीसशे सात.
त्यांनी हात पुसले, बोटांवर मोजायला लागल्या:
चांगुणा, गोमीची सून, पाटलांचा हसुराम,
तो दवाखान्यातला पोरगा, बेबीबाय,
आठव्या बोटाशी थांबल्या.
गल्लीच्या तोंडापर्यंत एकदा पाहून घेतलं.

'बाकीची कोन गो?'