सत्तर लिटर वारा

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात
एकतीस वर्षं भाव पुकारला त्यांनी.
आता आवाजाच्या जागी नुसतं खरवडणं,
रिकामं पोतं फरशीवरून ओढावं तसं.
तुळशीराम ढोबळे, वय अठ्ठावन्न, मूळचे जुन्नरकडचे,
डाव्या स्वरतंतूवर तुरीच्या डाळीएवढी गाठ.

"नळी घालणार का, मॅडम?" काल विचारलं त्यांनी.
नाही, म्हटलं. वाट एकच आहे
आणि सबनीसांची कात्री तिथूनच जायची.
मी बाजूला सरणार.
"मग श्वास?"
तो मी थांबवणार.
हसले.
गिऱ्हाईक भलताच भाव बोललं की हसत असतील तसं.

सकाळी वाशीला, थिएटर दोनमध्ये,
नाकपुड्यांत दोन मऊ तोट्या
आणि मिनिटाला सत्तर लिटर वारा,
ओलसर, अंगाइतकाच कोमट.
औषध गेलं. छाती उठली, बसली, उठली,
बसली
ती बसलीच.

याची मला अजून सवय नाही.
बावीस वर्षं या मुठीत श्वासाची पिशवी होती.
आज मूठ मोकळी, तर ती टेबलाची कड
दाबते, सोडते, दाबते.
रेश्मा सिस्टर बघते आणि ड्रॉवर आवरायला लागते.

भाता कुणीच ओढत नाही, तरी प्राणवायू आत जातो.
रक्त उचलतं तेवढाच मागून सरकतो,
गेटातून एक टेम्पो आत गेला
की मागचा सरकतो तसा.
बाहेर पडायचा तो वायू मात्र साठत राहतो, उधारीसारखा,
आणि ती वही माझ्या पडद्यावर उघडत नाही.
माझ्याकडे फक्त घड्याळ,
आणि मॉनिटरची टिंग टिंग.
आकड्याकडे मी बघत नाही, सूर ऐकते.
सूर उतरला की भाव कोसळला.

अकरा मिनिटं.
लेझर नाही, एवढ्या वाऱ्यात ठिणगी नको.
थंड पोलाद आणि सबनीसांचा न हलणारा अंगठा.
चौदा.
"रक्त येतंय थोडं," ते म्हणतात.
मी काहीच म्हणत नाही. सूर अजून वरच आहे.
सतरा मिनिटांनी डाळ बाहेर आली,
डबीत पडली, आवाजही झाला नाही.

मग उलटं औषध, मग वाट बघणं,
मग पोटाजवळ चादर जराशी हलली.
इतकीच.
पण रेश्मानं ड्रॉवर बंद केला.

दुपारी वॉर्डात पाटी लावली होती: आठ दिवस बोलणे बंद.
मी विचारलं, कसं वाटतंय?
त्यांनी माझा हात धरला, वर टॉवेल टाकला,
आणि टॉवेलाखाली माझी दोन बोटं
मुठीत घट्ट आवळली. मग एक सोडलं. पुन्हा धरलं.
डोळ्यांत पक्का सौदा.

वॉर्डबॉय निवृत्तीचे वडील त्याच बाजारात हमाल.
त्याला विचारलं, दोन बोटं म्हणजे किती?
"ते मालावर असतं," तो म्हणाला.
"माल काय होता?"