सहाशे ग्रॅम

अक्का, तुझी यादी आली रात्री दीडला.
तुझ्याकडे दहा वाजलेले, आणि बाहेर अजून उजेड, म्हणालीस.
क्रोशाची सुई, पाच नंबर, साधी, मूठ नसलेली.
कारखान्यातलं उरलंसुरलं सूत, शक्यतो मळखाऊ रंग.
पुस्तकं कुठलीही,
फक्त जाड असू देत, इथला हिवाळा संपत नाही.

तिथे लोकरीच्या एका गुंड्यात म्हणे
आपल्याकडचं आठवड्याचं दूध येतं.
चार वर्षं झाली, तू अजून नव्वदनं गुणतेस.
गुण.
तेवढं तरी आपलं पाठांतर राहू दे.

उन्हाच्या आधी निघाले.
अक्कलकोट रोडला येमुलांचे चार माग, दोन चालू.
तिरुपतीनं पोत्यात कोपरापर्यंत हात घातला
आणि बॉबिनच्या बुडाशी राहिलेलं सूत काढलं,
गाठीगाठींचं, लाल, राखी, एक भलताच पोपटी.
"हे गॅरेजवाले नेतात हात पुसायला. तुला कशाला?"
म्हटलं, अक्का विणते तिकडे, टेबलावरचे रुमाल.
"मग टॉवेलच पाठव की तयार!"
पैसे नको म्हणाला.
गेटपर्यंत गेले तर हाक मारून वीस रुपये घेतले.
बरं वाटलं मला.

सुईला कन्ना चौक, मग नवी पेठ, मग पुन्हा कन्ना चौक.
पाच नंबर कोणी मागत नाही आता.
शेवटी एका म्हाताऱ्यानं खणातून काढली,
शर्टाला पुसली, किंमत आठवेना त्याला.
आपण दोघी शिकलो ती आईच्या बिडीच्या दोऱ्यावर,
तिचं सूप मांडीवर, आपलं डोकं सुपाखाली,
हजार झाल्याशिवाय दोरा मागायचा नाही.
तो दोरा आठवला म्हणून मी सांगितले तेवढे दिले.

पुस्तकं मैनुद्दीनचाचाकडे, किलोला तीस.
चाचा वाचत नाही, तोलतो.
पण गाइडला एक भाव, गोष्टीला पाच जास्त:
"गोष्ट दुसऱ्यांदा विकता येते, बेटी."
एकावर मुलींच्या शाळेचा शिक्का होता,
आत खिसा, खिशात कार्ड.
वाटलं, तुझं नाव असेल. नव्हतं.
कु. अनसूया चिलवेरी, सातवी ब,
अकरा दिवस उशीर, दंड भरला की नाही, लिहिलेलं नाही.

मोठ्या पोस्टात पंखा फिरतो, पण वारा काउंटरच्या आतच राहतो.
बाईंनी खोकं काट्यावर ठेवलं.
"सहाशे ग्रॅम जास्त. काढा काहीतरी."
तिकीटच मुळात सामानाच्या चौपट,
त्यात हे.
डिंकाच्या टेबलाशी खोकं उघडून बसले.
अनसूयेचं पुस्तक काढलं, ठेवलं.
पोपटी काढलं, ठेवलं.
पुठ्ठे फाडावेत का, असंही मनात आलं, तुला सांगते.

मग बॉबिनीच सोडवायला घेतल्या.
एकेक सूत उकलून पुस्तकांभोवती गुंडाळलं,
आडवं, मग उभं, मग जसं बसेल तसं.
मनीऑर्डरला आलेल्या एका आजोबांनी
न विचारता टोक धरलं.
पाऊण तास गेला. जेवणाची सुट्टी झाली, संपली.
बाईंनी पुन्हा तोललं, माझ्याकडे पाहिलं,
दहा-वीस ग्रॅमकडे पाहिलं नाही,
आणि शिक्का मारला.

बॉबिनी पिशवीत घेऊन घरी आले,
त्यांचं काय करायचं, कळत नाही.

तीन आठवडे लागतील.
सूत सावकाश सोड, गाठीपाशी ओढू नकोस.
कार्ड मी काढलेलं नाही, त्याला वजन नव्हतं.
अनसूयेच्या खाली दोन रकाने रिकामे आहेत.
आणि बटणं हवीत हे आधी का नाही सांगितलंस?